घसाऱ्याचं गणित

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने, म्हणजे आपल्याच वर्गातल्या दोन मैत्रिणींनी आणि एका निवृत्त तहसीलदाराने, मला फोनवर बजावलं, "सहलीवर पाच आणि गॅदरिंगवर सात लेख आलेत. तू आता आठवणी लिहू नकोस, तुझ्या धंद्याचं लिही." माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. कोल्हापुरात चाळीस वर्षं मी जुन्या मोटारी घेतल्या आणि विकल्या. १९७४ च्या अकरावी एस.एस.सी.च्या बॅचमधून डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक निघाले, तसा एक मोटार-दलालही निघाला. पन्नासाव्या वर्षीचा मेळावा निवडणुकीत वाहून गेला आणि एक्कावन्नाव्या वर्षी आपण जमतो आहोत. तिथेही निम्मे लोक मला एकच प्रश्न विचारणार याची खात्री आहे : "माझ्या गाडीचे किती येतील रे?"

त्याचं उत्तर मी देईन. पण हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो आपल्याच शाळेत, म्हणून सुरुवात तिथून करतो.

आपण आठवीत होतो, म्हणजे १९७१. प्रयोगशाळेसाठी संस्थेला स्वतःचा वाटा उभा करायचा होता आणि पैसे नव्हते. तेव्हा कार्यकारी मंडळावरच्या डॉक्टरसाहेबांनी आपली साय-रंगाची फियाट विकून रक्कम दिली, हे प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी सांगितलं होतं. टाळ्या आठवतात? नंतर पाच वर्षं डॉक्टरसाहेब राजदूतवरून व्हिजिटला जायचे आणि आपण त्यांना रस्त्यात नमस्कार घालायचो.

माझे वडील गॅरेजमध्ये मिस्त्री होते. तीच गाडी त्यांच्या हाताखालून जायची, त्यामुळे व्यवहाराचा आकडा आमच्या घरात कळला. १९६६ साली सुमारे चौदा हजारांना घेतलेली ती फियाट डिलाइट शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याने पाच वर्षांनी सतरा हजारांना घेतली होती. त्याच आठवड्यात आपले गणिताचे सर घसारा शिकवत होते. 'एका यंत्राची किंमत दरसाल दर शेकडा १० ने घटते, तर ३ वर्षांनंतर ती किती होईल?' मी उभा राहून विचारलं, "सर, डॉक्टरसाहेबांच्या गाडीचा घसारा उलटा कसा झाला?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "गणितात दिलंय तेवढं धरायचं. दर शेकडा दहा म्हटलं की दहा. खाली बस."

त्या उलट्या घसाऱ्याचं कारण मला धंद्यात पडल्यावर उलगडलं. स्वातंत्र्यानंतर देशात मोटारी जोडणाऱ्या परदेशी कंपन्या होत्या. जनरल मोटर्सचा कारखाना तर १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना जागा नाही, इथे उत्पादन करायचं असेल तर राहा. परदेशी कंपन्या गेल्या. उरल्या मुख्यतः तीन : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली कुर्ल्याची प्रीमियर. किती गाड्या काढायच्या ते लायसन्सवर ठरायचं. सत्तरीच्या सुरुवातीला सगळ्या देशात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनत. घेणारे त्याहून कितीतरी जास्त, म्हणून रांग.

रांगेबरोबर नियम आले. १९५९ च्या हुकुमाप्रमाणे नवी गाडी घेतलेल्याला परवानगीशिवाय दोन वर्षं ती विकता येत नसे. १९६९ मध्ये सरकारने नव्या गाडीची किंमत कायद्यानेच बांधून दिली. कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि तिथे पत्रा, टायर, मजुरी असा एकेका गाडीचा हिशेब झाला. पण हे सगळं नव्या गाडीबद्दल. दोन वर्षं उलटलेल्या जुन्या गाडीच्या किमतीवर कुणाचं बंधन नव्हतं. नवी गाडी सरकारी भावाने मिळायची, पण वर्षानुवर्षं थांबून. जुनी आज संध्याकाळी दारात यायची. अडत्याने वरचे तीन हजार मोजले ते वाट न पाहण्यासाठी, गाडीच्या पत्र्यासाठी नव्हे. याला 'ऑन' म्हणत. "फियाट ऑनने घेतली" हे लग्नाच्या मांडवात अभिमानाने सांगितलं जाई.

मला हे कळल्यावर थोडं विचित्र वाटलं होतं. आपल्या प्रयोगशाळेतली बेसिनं, बुन्सेन बर्नर आणि तो काचेच्या कपाटातला सांगाडा, यांत थोडेसे पैसे रांगेतल्या लोकांच्या ताटकळण्याचे होते. डॉक्टरसाहेबांचा त्याग त्यामुळे कमी होत नाही. त्यांनी ती रक्कम खिशात घातली असती तर कुणी विचारलं नसतं.

पुढची गंमत तुमच्यापैकी कुणाला माहीत नसेल. १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेल भडकलं. पेट्रोलचा भाव ऐकूनच लोकांनी गाड्या झाकून ठेवल्या आणि मोटारींची मागणी एकदम बसली. वडिलांच्या गॅरेजमध्ये एक भलीमोठी अमेरिकन प्लिमथ उभी होती, तिचा मालक ती न्यायलाच आला नाही. आमच्या भागातल्या टॅक्सीवाल्यांनी पुढे अँबेसिडरमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवायला सुरुवात केली. अडत्याने १९७५ मध्ये तीच डिलाइट विकायला काढली, तेव्हा तिला बारा हजार द्यायलाही कुणी तयार नव्हतं. आणि डॉक्टरसाहेबांना १९७६ मध्ये नवी पद्मिनी फारसं न थांबता मिळाली. अडत्याने वडिलांना विचारलं म्हणे, "मिस्त्री, गाडी तीच, मी तोच, मग पाच हजार गेले कुठे?" वडील म्हणाले, "पेट्रोलात."

ऐंशीच्या दशकात पद्मिनीची रांग पुन्हा लांबली आणि त्याच वेळी मी धंद्यात पडलो. उद्यमनगरजवळ पत्र्याची शेड, दोन खुर्च्या आणि उधारीवर ठेवलेली एक 'डुक्कर फियाट'. ते नाव आठवतंय ना? गोल पाठीची, १९५४ नंतरची अकराशे. तेव्हा दलालाची अक्कल गाडी ओळखण्यात होती. बॉनेटच्या कडेला नखाने टोकरायचं, खालचा रंग वेगळा निघाला की डेंटिंग-पेंटिंग झालेलं. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांची झीज बघायची, कारण मीटरचं रीडिंग मागे फिरवणारे कारागीर गल्लोगल्ली होते पण पायपट्टीचं रबर कुणी बदलत नसे. (पुढे तेही बदलू लागले. मग नवंकोरं रबर हाच पुरावा झाला.) आर.सी. बुकात मालक कितवा, पासिंग कुठलं, बोजा उतरवलाय का, हे नंतर.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं, हे मला आपल्या वर्गातल्या प्राध्यापकाने सांगितलं. त्याचं म्हणणं असं की गाडीतलं खरं काय ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला साधारण भावच देतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही आणि बाजारात भंगारच वाढतं. मी प्राध्यापकाला म्हटलं, "हे उद्यमनगरात पोरंटोरं सांगतील." पण खरं सांगायचं तर आम्हाला ठाऊक असूनही असं मांडता आलं नसतं. आमच्याकडे यावर उपाय एकच होता : ओळख. पेपरात 'डॉक्टरने वापरलेली, एकहाती' अशी जाहिरात आली की भाव वर. साय-रंगाच्या त्या डिलाइटला सतरा हजार मिळण्यात 'डॉक्टरांची गाडी' या दोन शब्दांचाही वाटा होता.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. दहा हजार रुपये भरून सव्वा लाखाच्या घरात लोकांनी आधीच नावं नोंदवली होती आणि गाडी कुणाला कधी ते संगणकाने सोडत काढून ठरवलं होतं. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. नंबर लागलेल्या पत्रालाच भाव आला. माझ्या शेडमध्ये गाडी न बघता पत्रावर बयाणा दिलेले लोक मी पाहिलेत. पद्मिनीवाले म्हणायचे, हा डबा टिकणार नाही. दोन-तीन वर्षांत पद्मिनीचा 'ऑन' गेला आणि तो मारुतीवर जाऊन बसला.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढच्या प्रसंगाचं मूळ तिच्यात आहे. १९८५ ते १९९५ या काळात जुनी मारुती आठशे घेतलेल्या कुणाचंही नुकसान झालं नाही. तीन वर्षं वापरा, घेतली त्या भावात विका. लोक म्हणायचे मारुतीला घसारा नाही. वस्तुतः घसारा होता, पण तो दिसत नव्हता. रुपया येनसमोर घसरत होता, अबकारी कर वाढत होता, १९९१ मध्ये तर रुपयाचं अवमूल्यनच झालं. पन्नास हजारांची नवी आठशे दहा-बारा वर्षांत दोन लाखांच्या आसपास गेली. नवी वर चढत होती, म्हणून तिच्याबरोबर जुनीही चढल्यासारखी वाटे. १९९३ मध्ये मोटारींचं लायसन्स रद्द झालं तेव्हा मी पेपरातली ती बातमी वाचून पान उलटलं. माझ्या धंद्याशी तिचा संबंध आहे हे कळायला मला पाच वर्षं लागली.

१९९६ मध्ये गणिताचे सर माझ्या शेडमध्ये आले. नुकतेच निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे आले होते आणि काकूंना पौर्णिमेला नृसिंहवाडीला न्यायचं होतं, एस.टी. त्यांना झेपत नव्हती. मी त्यांना १९९२ ची पांढरी आठशे दिली, एक लाख चाळीस हजारांना. गाडी चांगली होती, त्याबद्दल आजही मान वर करून बोलेन. पण जाताना मी म्हणालो, "सर, काळजी करू नका. तीन वर्षांनी कंटाळा आला तर याच भावात मी परत घेतो." हे वाक्य मी तेव्हा दिवसातून चारदा म्हणायचो आणि ते खरंही करून दाखवायचो.

१९९८ च्या शेवटच्या चार महिन्यांत सँट्रो आली, मॅटिझ आली, आणि डिसेंबरच्या ३० तारखेला टाटांची इंडिका. त्याच महिन्यात मारुतीने आठशेची किंमत हजारोंनी खाली आणली. माझ्या अंगणात नऊ आठशे उभ्या होत्या, सगळ्या जुन्या भावाने घेतलेल्या, त्यातल्या सहा व्याजाच्या पैशांवर. नवीचा भाव उतरला की जुनीचा आपोआप उतरतो, आणि गिऱ्हाईक त्याहून जास्त उतरवून मागतं, कारण आणखी उतरेल अशी त्याला आशा असते. जानेवारीत शेडमध्ये एकही माणूस आला नाही. बायकोच्या नावावरचा प्लॉट विकून मी व्याजवाल्याला गप्प केलं.

फेब्रुवारीत सर आले. काकूंची बायपास ठरली होती. त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं. त्यावर पेन्सिलने मांडलं होतं : १,४०,०००, दरसाल दर शेकडा १०, तीन वर्षं. उत्तर १,०२,०६०. म्हणाले, "तू त्याच भावात घेतो म्हणाला होतास. पण तसं होत नसतं. मी घसारा धरलाय. वरचे साठ सोड."

मित्रहो, त्या गाडीचे बाजारात तेव्हा ऐंशी येत होते. ब्याऐंशी म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि माझ्या तिजोरीत काय होतं ते मला माहीत होतं. मी "हो सर, एक लाख दोन" म्हणालो. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. सरांनी विचारलं, "खरं सांग. तू ही कितीला विकशील?" त्यांच्यासमोर आठवीतही मला थाप जमली नव्हती. मी सांगितलं. ते बराच वेळ त्या नऊ गाड्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे दर शेकडा दहा नाही."

"नाही सर."

"मग ऐंशीच दे. वरचे बावीस हजार मी घेतले तर ती किंमत नाही होणार, दान होईल."

मी ऐंशी दिले आणि वीस हजार हातउसने घ्यायला लावले, तेही काकूंची शपथ घालून. चौदा महिन्यांनी पाकीट आलं. आत बावीस हजार तीनशे तेहतीस रुपये आणि वहीचं पान : मुद्दल २०,०००, दर शेकडा १०, मुदत १४ महिने, सरळव्याज. खाली एक ओळ : 'तेहतीस पैसे येणे नाही.' काकू त्यानंतर अकरा वर्षं होत्या. सरांनी पुन्हा गाडी घेतली नाही.

तेव्हापासून 'याच भावात परत घेतो' हे मी कुणालाही म्हटलेलं नाही. धंदा त्यामुळे कमी झाला. २००१ नंतर तर मारुतीच स्वतः जुन्या गाड्या तपासून, हमी देऊन विकू लागली, बँका जुन्या गाडीलाही कर्ज देऊ लागल्या आणि ओळखीची किंमत घटली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात लाखाची नॅनो नुसती दाखवली, एकही गाडी रस्त्यावर आली नव्हती, तरी माझ्याकडे जुन्या आठशेची चौकशी थंडावली. मग दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, आणि 'दिल्ली पासिंग'च्या मोठमोठ्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. आपल्यातल्या दोघांनी तशा घेतल्या आणि पुन्हा नोंदणी, कर आणि एनओसीसाठी आर.टी.ओ.च्या चकरा मारताना मला शिव्या दिल्या. मी नको म्हटलं होतं.

डुक्कर फियाटच्या वारसांचं म्हणाल, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली. टॅक्सी म्हणून भंगाराच्या भावाची पद्मिनी, नीट राखलेली खासगी असेल तर हौशी लोक आज चढ्या भावाने मागतात. आपल्या दसरा चौकात मिरवणारी छत्रपतींची मेबॅक तर किमतीच्या पलीकडची, तिच्याबद्दल मला विचारू नका.

कोविडनंतर चिपचा तुटवडा झाला आणि मी पुन्हा आठवीत गेलो. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या थारला महिनोन्महिने थांबावं लागत होतं. २०२१ मध्ये एका तरुणाने माझ्या मुलाकडून सहा महिने वापरलेली थार नवीच्या किमतीहून जास्त देऊन नेली. मुलगा चकित झाला. मी त्याला गुळाच्या अडत्याची गोष्ट सांगितली.

शेड आता मुलगा चालवतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्या दिवशी आमच्या अंगणात अकरा गाड्या होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत थांबू, भाव सावरेल." मी त्याला कपाटातून सरांची दोन्ही पानं काढून दाखवली, १,०२,०६० चं आणि २२,३३३ चं. त्याने बराच वेळ वाचली. मग अकराही गाड्यांवरची किमतीची पाटी उतरवली आणि मला खडू मागितला.

तेव्हा मेळाव्याला येताना गाडीचं आर.सी. बुक बरोबर आणा. बॉनेट मी स्वतः उघडून बघेन.